पहाटे तीनची दिवेलागण

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे दोघीतिघींनी विचारलंसुद्धा, "बाई, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलं नाही. पण गेले काही महिने मी एका दिव्याच्या मागे लागले होते. खरोखरच्या दिव्याच्या. नऊ वॅटचा, ओट्यावरचा.

उरणला मोऱ्याच्या रस्त्याला लागून आत एक गल्ली जाते, तिथे आमचं घर. तीन पायऱ्या, ओटा आणि मग दार. हे घर आम्ही १९८७ साली बांधलं. "हे" तेव्हा बोकडवीऱ्याच्या वायू विद्युत केंद्रात नोकरीला होते. ते केंद्र १९८२ साली सुरू झालं. समुद्रातल्या बॉम्बे हायचा गॅस जाळून वीज तयार करायची, याचं त्या वेळी सगळ्यांना फार अप्रूप. आमच्या ह्यांना तर जास्तच. घराचं वायरिंग त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. गवंड्याने भिंतीला खाच पाडली की हे पुढे, हातात मोजपट्टी!

संध्याकाळी ओट्यावरचा दिवा लावणं हे त्यांचं काम. मी आत देवापाशी निरांजन लावायची आणि त्याच वेळी बाहेर 'टक्' असा आवाज यायचा. इतक्या वर्षांत आम्ही याबद्दल एकमेकांशी कधी बोललोसुद्धा नाही. ते गेले त्याला आता तीन वर्षं होतील. त्यानंतर मी देवापाशी दिवा लावत होते, पण ओट्यावरचा राहून जायचा. मुद्दाम नव्हे. तो 'टक्' माझ्या हाताच्या सवयीतच नव्हता.

गेल्या श्रावणात त्याचं फळ मिळालं. भिजल्या पायरीवरून अंधारात पाय घसरला आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. धाकटा न्यू जर्सीला असतो, एडिसनला. तो दिवाळीला आला तो एक छोटं खोकं घेऊनच. काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक डबी. ती स्विचच्या मागे बोर्डात बसवायची, म्हणजे दिवा आपोआप सूर्यास्ताला लागतो आणि सूर्योदयाला विझतो. फोनवरूनही लावता येतो. "आई, आता तू काही करायचं नाहीस," तो म्हणाला. हे वाक्य मुलं फार प्रेमाने म्हणतात आणि आपल्याला ते कुठेतरी टोचतं. असो.

बोर्ड उघडायला माझा एक जुना विद्यार्थी आला. सातवीत माझ्याकडे भूगोलाला होता, आता वायरमन आहे. त्याने मुलाला आधीच बजावलं, "दादा, या डबीला न्यूट्रल लागते. जुन्या घरांत स्विचच्या बोर्डात फक्त फेज येते आणि ती दिव्याकडे परत जाते. न्यूट्रल थेट दिव्यापाशी. मग डबीला स्वतःला जगायला वीज कुठून मिळणार?" काही लोक अशा वेळी न्यूट्रलच्या जागी अर्थिंगची तार जोडून मोकळे होतात, असंही तो म्हणाला. दिवा लागतो, पण अर्थिंग ही धोक्याच्या वेळी वीज जमिनीत सोडायला असते, रोजचा प्रवाह वाहून न्यायला नव्हे. ती कुठे तुटली असली तर तिच्यावरच्या उपकरणांच्या पत्र्यात वीज उतरू शकते. घरात गळती ओळखणारा ब्रेकर असेल तर तो बिचारा सारखा पडत राहतो. तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे कोणी ही युक्ती करत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

त्याने पेचकसाने झाकण काढलं आणि हसायलाच लागला. "बाई, हे बघा!"

आत एक काळी तार गुंडाळून ठेवलेली होती. टोकाला टेप. आणि टेपवर चिकटपट्टीचा एक तुकडा, त्याच्यावर ह्यांचं बारीक अक्षर: "न्यू. पुढे लागेल."

१९८७ मध्ये त्या बोर्डात न्यूट्रलचं काहीच काम नव्हतं. तरी ह्यांनी ती आणून ठेवली होती. मुलगा काही बोलला नाही. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. बाहेर आले तेव्हा डबी बसली होती. ती चिकटपट्टी मात्र मी मागून घेतली, पोथीत ठेवली आहे.

मुलगा परत गेला आणि काही दिवसांनी गंमत सुरू झाली. (तेव्हा ती गंमत वाटली नव्हती.)

या वयात रात्री एकदा तरी उठावं लागतं. एका रात्री उठले तर दाराच्या फटीतून उजेड. घड्याळात तीन वाजून गेलेले. एकटी बाई घरात, बाहेर दिवा लागलेला! छातीत धस्स झालं. खिडकीतून पाहिलं तर ओट्यावर कोणी नाही, गल्लीतलं मांजर तेवढं पायरीवर. दिवा लख्ख. सकाळ झाली, ऊन आलं, तरी दिवा चालूच. आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला, सूर्य अजून झाडांवर असताना, तो आपण होऊन विझला! म्हणजे दिवेलागणीच्या बरोबर आधी आमच्या ओट्यावर अंधाराची सोय.

मुलाला कळवलं. तो म्हणाला, "पण आई, मला तर इकडे रोज मेसेज येतो, ओट्यावरचा दिवा लागला म्हणून. अगदी संध्याकाळी. बरोबर चाललंय की!"

त्याच्या बाजूने बरोबर, माझ्या बाजूने चूक. घरात असे वाद नवीन नसतात.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करणे. करून पाहिला. दिवा काही सुधारला नाही. उलट नवीनच दुखणं निघालं. वीज आल्यावर डबी क्षणात जागी होते, पण इंटरनेटच्या राउटरला उठून तोंड धुवायला दोन मिनिटं लागतात. तोवर डबी वाट पाहून रुसून बसते. तिला पुन्हा जोडायला गेले तर जोडली जाईना. मुलाने राउटरही नवा बसवला होता आणि त्याच्यातून दोन नावांनी वाय-फाय निघत होतं. एक अडीचच्या आतलं, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ, दुसरं पाचचं. माझा फोन पाचच्या नावावर बसला होता आणि या डबीला कळतं ते फक्त २.४. ते थोडं सावकाश असतं, पण भिंतींपलीकडे चांगलं पोचतं. दोन दिवस मी चुकीच्या नावावर डोकं आपटत होते. शेवटी फोन २.४ वर आणला, डबीचं बटण दाबून धरलं, दिवा भराभर मिचकावायला लागला आणि जोडली गेली. राउटर आता इन्व्हर्टरवर टाकला आहे. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते-येते, त्यासाठी ते बरंच.

एवढं सगळं झालं तरी दिवा पहाटे तीनलाच!

हे सगळं फोनवर इंग्रजीत. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता येतं, पण ते मला उलट प्रश्न विचारायला लागलं की मी गडबडते. म्हणून ठरवलं, यंत्राला विचारणं बंद. त्याच्यावर लक्ष ठेवायचं. वर्गात एखादा मुलगा रोज उशिरा येत असेल तर त्याला ओरडण्याआधी तो किती वाजता येतो ते लिहून ठेवावं, हा माझा जुना नियम. एका वहीत तीन रकाने आखले: लागला, विझला, एकूण तास.

१ डिसेंबर: पहाटे ३.००, संध्याकाळी ५.३१. साडेचौदा तास.
८ डिसेंबर: ३.००.
१ जानेवारी: ३.०९.
१५ जानेवारी: ३.२३.

(रोज उठले नाही हो, फोनमध्ये डबीची नोंद राहते हे नातीने सांगितलं. पण बऱ्याचदा उठलेही.)

वही समोर ठेवून बसले आणि पहिली गोष्ट लक्षात आली. बिघडलेलं घड्याळ एकसारखं चुकतं. हा दिवा तसा चुकत नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला एका जागी थांबला, मग रोज थोडा थोडा पुढे सरकायला लागला. असं सरकणं मला ओळखीचं होतं. सूर्य असाच सरकतो! म्हणजे दिवा सूर्यास्त पाळत होता, अगदी इमानदारीने. पण कुठला?

कालनिर्णय काढलं. आपल्याकडे सूर्यास्त सर्वांत लवकर होतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या सुमारास. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत उशिरा, साधारण सात वाजून वीस मिनिटांनी. आणि डिसेंबरातली मोठ्यात मोठी रात्रसुद्धा आपल्या कोकणात तेरा तासांच्या आसपास. माझ्या वहीत मात्र साडेचौदा तासांची रात्र. एवढी लांब रात्र आपल्या अक्षांशावर होत नाही, त्यासाठी खूप उत्तरेला जावं लागतं. उरण १९ अंशांच्याही जरा खाली. सातवीच्या मुलांना मी हे वर्षानुवर्षं शिकवलं: हिवाळ्यात जसजसं उत्तरेला जाल तसतशी रात्र मोठी. आणि स्वतःच्या ओट्यावर ते ओळखायला मला दोन महिने लागले!

त्या रात्री मी झोपलेच नाही. पावणेतीनपासून ओट्यावर शाल घेऊन खुर्ची टाकून बसले. गल्लीच्या खांबावरचा दिवा गेलेला, मिट्ट काळोख. मग मुलाला फोन लावला. तो घाबराच झाला. "आई, एवढ्या रात्री? काय झालं?"

"काही नाही. तू कुठे आहेस?"

"गाडीत. पोरीला क्लासवरून आणतोय."

"बाहेर काय दिसतंय?"

"काय दिसणार? थंडी. सूर्य मावळतोय, गाडीचे दिवे लावतोय आता..."

आणि माझ्या डोक्यावर 'टक्'! दिवा लागला.

मी म्हटलं, "अरे, तुझी संध्याकाळ माझ्या ओट्यावर होतेय."

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग तो एवढ्या मोठ्याने हसला की मागे बसलेली नात विचारायला लागली, आजीला काय झालं?

हिशेब मी दुसऱ्या दिवशी वहीत मांडला, सवय जात नाही. आपली प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्वेची, त्यांची ७५ अंश पश्चिमेची. मधलं अंतर १५७½ अंश. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ६३० मिनिटं, म्हणजे बरोबर साडेदहा तास. (उन्हाळ्यात ते घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा साडेनऊ.) तिकडचा साडेचारचा सूर्यास्त म्हणजे इकडची पहाटेची तीनची वेळ. खात्रीसाठी एक प्रयोगही केला. सूर्यास्त काढून टाकून संध्याकाळी सात अशी साधी वेळ लावून पाहिली. दिवा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या ठोक्याला लागला. सिद्ध झालं!

आता हे झालं कसं? त्या ॲपमध्ये आधी एक "घर" तयार करावं लागतं आणि ते नकाशावर कुठे आहे ते सांगावं लागतं. डबी त्या घराचा सूर्य आणि त्या घराचं घड्याळ पाळते. मुलाचं एडिसनचं घर त्याच्या फोनमध्ये आधीच होतं. त्याने माझी डबी त्याच घरात घातली. दुरुस्ती सोपी होती: डबी त्या घरातून काढायची, उरण नावाचं वेगळं घर करायचं आणि तिथे घालायची. पाच मिनिटांचं काम.

पण त्याला ते पाच मिनिटांचं काम करायला आठवडा लागला. आज वेळ नाही, उद्या बघू. शेवटी मी जरा बाईंच्या आवाजात विचारलं, तेव्हा म्हणाला, "आई, घाईत नव्हतं घातलं. मुद्दाम एकच घर ठेवलं होतं."

मग त्याने त्याच्या फोनचं चित्र पाठवलं. खोल्यांची यादी होती. किचन, हॉल, गॅरेज, मुलीची खोली. आणि सगळ्यांत खाली, मराठीत: "आईचा ओटा".

रोज संध्याकाळी ऑफिसमधून निघताना त्याच्या फोनवर यायचं, ओट्यावरचा दिवा लागला. त्याला माहीत होतं की ते यंत्र आहे. पण वाटायचं, आईने दिवा लावला. मग तो निवांत घरी जायचा. आणि त्या वेळी मी इथे गाढ झोपलेली असायची, किंवा दाराच्या फटीकडे बघत घाबरलेली!

यात एक न बोललेली गोष्ट आहे, ती इथे नातेवाईक वाचतात म्हणून लिहूनच टाकते. ह्यांच्यामागे मुलाने दोनदा विचारलं, उरणचं घर विकून तिकडे येतेस का? मी दोन्ही वेळा "बघू" म्हटलं. "बघू"चा अर्थ आईला आणि मुलाला, दोघांनाही कळतो. त्याने पुन्हा विचारलं नाही. माझा ओटा तेवढा आपल्या घरात नेऊन ठेवला, तोही मला न सांगता.

मी त्याला म्हटलं, "बाळा, दिवा म्हणजे जिथे अंधार पडतो तिथला. इथला अंधार सहाला पडतो. तिथून तू मला सांभाळतोस हे मला ठाऊक आहे, पण दिव्याला इथलाच सूर्य लागेल." जरा थांबून म्हणाला, "हो. काढतो." आणि त्याने ते केलं. नवीन घराला नाव दिलं "उरण". आता मी त्या घराची मालकीण आणि तो तिथला सदस्य. मला त्याला रीतसर आमंत्रण पाठवावं लागलं, त्याने ते स्वीकारलं. हे करताना दोघांनाही हसू येत होतं, पण पूर्ण हसूही नव्हतं.

आता मेसेज त्याला सकाळी साडेसात-आठच्या सुमारास येतो, नातीला शाळेत सोडायच्या वेळी. म्हणतो, "तुझा दिवा लागला की आमचा दिवस सुरू होतो."

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण तिसऱ्या दिवशी कोळीवाड्यातली आमची मासळीवाली दारात उभी. "बाई, तुमचा दिवा का बंद केला?" मला कळेचना. मग उलगडा झाला. करंज्याच्या बंदरावर मासळी घ्यायला या बायका पहाटे सव्वातीन-साडेतीनला आमच्या गल्लीतून टेम्पो पकडायला जातात. डोक्यावर पाट्या, खाली फुटक्या फरश्या, खांबावर अंधार. "दोन महिने बरं होतं बाई. आम्हाला वाटलं आमच्यासाठीच लावता."

काय सांगणार? खाली मान घातली. श्रावणात माझा पाय घसरला म्हणून एवढं सगळं झालं. या बायका त्याच अंधारातून वर्षानुवर्षं चालत होत्या आणि मी आत झोपलेली असायची.

घारापुरी आमच्याच तालुक्यात. मोऱ्याच्या धक्क्यावरून समोर दिसते. जगभरचे लोक तिथली लेणी पाहायला येतात, पण तिथल्या तीन पाड्यांना संध्याकाळचे काही तास जनरेटरची वीज, बाकी अंधार. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोचली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं धक्क्यावर गेलो होतो. हे निवृत्त झालेले, तरी परीक्षेचा निकाल पाहायला आल्यासारखे उभे. पलीकडे दिवे दिसले तेव्हा एवढंच म्हणाले, "इकडे आम्ही वीज करत होतो आणि समोर अंधार होता, बघ." तेव्हा मी नुसती "हं" म्हटलं होतं.

तर मी काय केलं, त्या डबीत आणखी एक वेळ लावली. पहाटे तीन ते पाच. या वेळी चुकून नाही. मुलाला न विचारता, स्वतः, इंग्रजीत! नऊ वॅट, दोन तास, महिन्याला अर्धं युनिट. पहिल्या दिवशी त्याचा लगेच फोन. "आई, पुन्हा बिघडलं का गं? तीनला लागला!"

"बिघडलं नाही. मी लावलाय."

जाता जाता, ज्यांच्या मुलांनी अशी डबी बसवली असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, वीज जाऊन आल्यावर दिवा आधी जसा होता तसाच राहावा, अशी सोय त्यात असते. ती लावून घ्या, नाहीतर मध्यरात्री घर उजळून निघतं. दोन, भिंतीवरचा साधा स्विच चालू राहील असंच जोडून घ्या. फोन रुसला तरी हात असतोच.

आमचा स्विच चालू आहे. सहाच्या सुमारास मी देवापाशी दिवा लावते आणि बाहेर आपोआप 'टक्' होतो. कधी कधी मात्र मी दोन मिनिटं आधीच बाहेर जाते आणि माझ्या हाताने लावते. डबी काही म्हणत नाही.

असो. मनगट बरं आहे. सूनबाई विचारत होत्या म्हणून लिहिलं.